खाटा भरलेल्या, दार बंद : बेघर निवाऱ्याच्या कामात आलेल्या एका वित्तप्रमुखांचं प्रकरण

विश्वस्तांच्या त्या बैठकीत विषय आनंदाचा होता. एका मोठ्या देणगीदाराने ४० नव्या खाटांचा सगळा बांधकाम खर्च आणि शिवाय पहिल्या वर्षाचा चालवण्याचा खर्च देऊ केला होता. संस्थेचा १२० खाटांचा निवारा बारा महिने भरलेला असायचा. दर रात्री सरासरी तिघं दाराशी यायचे आणि दोघांनाच आत घेता यायचं. तिसऱ्याला ‘उद्या फोन करून बघा’ असं सांगणं हे रात्रपाळीतलं सगळ्यांत नावडतं काम. ठराव मांडला गेला, अनुमोदनही मिळालं, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या वित्तप्रमुख म्हणाल्या, “मला एक महिना द्या. ह्या खाटा घेऊ नयेत असं मला वाटतंय, पण का, ते अजून नीट मांडता येत नाही.”

पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीने फुकटची इमारत नको म्हणावं, ह्याचं बैठकीत आश्चर्य वाटलं. थोडी चिडचिडही झाली.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. संस्था आणि माणसं कल्पित आहेत. संस्थेचे आकडे वाचकाला तोंडी पडताळता यावेत म्हणून गोल धरले आहेत. बाहेरच्या संशोधनाचे जे दाखले येतात, ते खरे आहेत.

आल्या कुठून

वित्तप्रमुखांची अठरा वर्षं खासगी उद्योगात गेली होती. सुरुवात लेखापरीक्षणात, मग कारखान्याचा उत्पादन खर्च काढण्याचं काम, आणि शेवटी तीन कारखान्यांचा हिशोब त्यांच्या हाताखाली. ह्या संस्थेत त्या आधी मानद खजिनदार म्हणून आल्या. महिन्याकाठी एक संध्याकाळ द्यायची, वार्षिक हिशोबावर नजर टाकायची, एवढंच काम. पूर्णवेळ पद रिकामं झालं तेव्हा त्यांनी स्वतःहून अर्ज केला. पगार निम्म्यावर आला. ह्या निर्णयामागे मोठी कळकळ होती का, असं त्यांना विचारलं तर त्या सांगतात की कारखान्यातल्या कामात नवं काही उरलं नव्हतं आणि इथले हिशोब त्यांना कळत नव्हते. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. समाजकार्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एखादा साक्षात्कार असलाच पाहिजे, ही अपेक्षा बाहेरच्यांची असते.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की बँकेत पैसे दिसत होते, पण संस्था कंगाल होती. धर्मादाय संस्थेच्या तिजोरीत दोन तऱ्हांचा पैसा असतो. बंधित निधी म्हणजे देणगीदाराने ज्या कामासाठी दिला त्याच कामाला वापरायचा पैसा. अबंधित निधी म्हणजे संस्थेला लागेल तिथे वापरता येणारा. लोकांना इमारतीला पैसे द्यायला आवडतं, पांघरुणांना आवडतं, मुलांच्या दप्तरांना तर फारच आवडतं. रात्रपाळीच्या पगाराला, विम्याला, गळणाऱ्या नळाला कोणी देत नाही. मग अनुदानाचा हप्ता लांबला की पगार कुठून होतात? गेल्या तीन वर्षांत चार वेळा ते इमारत निधीतून झाले होते. पुढचा हप्ता आला की रक्कम परत भरली जायची. खोट कोणाच्या मनात नव्हती, एक पैसाही कोणाच्या खिशात गेला नव्हता. तरी ते चूकच होतं, आणि त्यातल्या शेवटच्या उचलीची परतफेड अजून बाकी होती.

सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे वाक्य त्यांनी अध्यक्षांना त्या दिवशी ऐकवलं म्हणे. पुढे त्यांनी जे केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांचा निधी वापरला गेला त्या तिन्ही देणगीदारांना त्या स्वतः जाऊन भेटल्या आणि झालेला प्रकार कागदावर मांडला. दोघांनी परतफेडीला मुदत दिली. तिसऱ्याने पुढची देणगी थांबवली. संस्थेतल्या जुन्या मंडळींना हा आगाऊपणा वाटला, कारण आपण होऊन सांगितलं नसतं तर कळलं नसतं. त्यानंतर तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता सुरू झाला. दर सोमवारी पुढच्या तेरा आठवड्यांत कोणता पैसा कधी येणार आणि कधी जाणार, बंधित आणि अबंधित वेगवेगळं. कारखान्यात ही साधी शिस्त असते. इथे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं की महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संस्था कायम काठावर असते.

हे वर्ष सोपं होतं, असं त्या आता म्हणतात.

तीन महिन्यांपुरतं

निवाऱ्याचं रोजचं कामकाज पाहणारे प्रमुख सोडून गेले. नवा माणूस मिळेपर्यंत तीन महिने ऑपरेशन्सही तुम्हीच बघा, असं ठरलं. असे ‘तीन महिने’ किती लांबतात हे संस्थांत काम केलेल्यांना सांगायला नको.

जबाबदारी येण्याच्या आधीच त्यांनी एक टिपण लिहिलेलं होतं : रात्री १२० माणसं झोपलेली असताना चार कर्मचारी जागे कशाला? टिपण तसं तर्कशुद्ध होतं. एक जागा अहोरात्र भरायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो. म्हणजे एका जागेला ४.२ माणसं लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की हा आकडा पाचावर जातो. चार जागा म्हणजे वीस पगार. ह्यातली एक जागा नुसत्या रात्रीपुरती कमी केली तरी वर्षाला दीड-दोन पगार वाचणार होते.

रात्रपाळीच्या पर्यवेक्षकांनी वाद घातला नाही. “मॅडम, एकदा येऊन बघा,” एवढंच म्हणाले. त्या सहा रात्री गेल्या. झोपलेली १२० माणसं त्यांना एकाही रात्री दिसली नाहीत. दोनच्या सुमाराला एकजण उठून येरझाऱ्या घालतो, आणि त्याच्याजवळ कोणी जाऊन बसलं नाही तर तासाभरात शेजारच्या तिघांशी भांडण होतं. एकीला औषधं वेळेवर द्यायची असतात. एकजण स्नानगृहातून बराच वेळ बाहेर येत नाही, तेव्हा दार उघडावं लागतं, आणि ते एकट्याने उघडायचं नसतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर दोघं. दोन मजले, चार माणसं. टिपण त्यांनी मागे घेतलं.

ह्या सहा रात्रींतून हिशोबाचीही एक गोष्ट त्यांच्या हाती लागली. निवाऱ्याचा खर्च पायरीपायरीने चढतो. पाच खाटा कमी केल्या तर चादरींपलीकडे काही वाचत नाही, कारण मजल्यावर दोघं लागतातच. उलट नवा मजला उघडला की एका फटक्यात दहा पगार वाढतात. ‘एका खाटेमागे एका रात्रीचा खर्च’ हा आकडा देणगीदारांना सांगायला छान असतो, पण तो लावून ‘अमुक खाटा वाढवल्या तर तमुक खर्च’ असं गणित मांडलं की हमखास फसायला होतं.

पहिली चूक

ही त्यांची स्वतःची चूक आहे, आणि प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथेच आहे.

कारखान्यातून आलेल्या माणसाला भरलेली खाट ही चालू यंत्रासारखी दिसते. वापर ९८ टक्के म्हणजे उत्तम. पण दाराशी येणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी हे ९८ टक्के म्हणजे बंद दार. इथे त्यांना एक जुना नियम आठवला. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला हा नियम रांगांच्या गणितात पायाभूत मानला जातो. कोणत्याही ठिकाणी एका वेळी असलेली माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. १२० खाटा आणि रोज दोन प्रवेश, म्हणजे सरासरी मुक्काम ६० दिवस. खाटा तेवढ्याच ठेवून रोज तिघांना आत घ्यायचं असेल तर मुक्काम ४० दिवसांवर आणायला हवा. गोदामातला माल लवकर फिरवा म्हणजे जास्त गोदाम लागत नाही, हेच ते.

त्यांनी ९० दिवसांची मर्यादा घातली. नव्वद दिवस झाले की जागा सोडायची, मुदतवाढ अपवादानेच. सूचना नीट दिल्या, पर्यायी पत्त्यांची यादी दिली, सगळं कागदोपत्री चोख. पुढच्या तिमाहीचा अहवाल देखणा आला. पूर्वी तिमाहीत १८० प्रवेश व्हायचे, आता २४०. सरासरी मुक्काम ६० दिवसांवरून ४५ दिवसांवर. विश्वस्तांनी अभिनंदन केलं.

मग एका संध्याकाळी पर्यवेक्षक एक जाडजूड वही घेऊन आले. रात्री कोण आलं, कोण गेलं, ह्याची ती त्यांची स्वतःची नोंद. संगणकातल्या नोंदीत प्रत्येक प्रवेशाला नवा क्रमांक पडायचा. वहीत नावं होती. “हे वाढलेले साठ जुनेच आहेत मॅडम. मधल्या आठवड्यात ते कुठं झोपले, तेवढं तुमच्या तक्त्यात नाही.”

त्यातलं एक नाव चार वर्षं निवाऱ्यात राहिलेल्या एका वयस्क गृहस्थांचं होतं. सकाळी खुर्च्या मांडणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. मर्यादेप्रमाणे त्यांना बाहेर पडावं लागलं. अकरा दिवसांनी ते परतले तेव्हा पायाची जखम चिघळलेली होती, ओळखीची कागदपत्रं हरवली होती, आणि ती पुन्हा मिळवण्यात पुढचे तीन महिने जाणार होते. निवाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यांना काही पायऱ्या खाली ढकललं होतं, आणि अहवालात त्याची नोंद ‘एक बहिर्गमन, एक नवा प्रवेश’ अशी, म्हणजे दोन्हीकडे यश म्हणून झाली होती.

लिटलचा नियम चुकीचा नव्हता. पण गोदामातून गेलेला माल परत येऊन रांगेत उभा राहत नाही, हे त्या विसरल्या होत्या. मर्यादा त्यांनी त्याच आठवड्यात मागे घेतली. विश्वस्तांना पत्र लिहून गेल्या तिमाहीचा अहवाल दुरुस्त केला. त्या पत्रात ‘चूक’ हा शब्द पहिल्या ओळीत आहे. अशी पत्रं संस्थांच्या फायलींत क्वचितच सापडतात.

साठ दिवसांचा माणूस

वही आणि संगणक जुळवायला त्यांना तीन आठवडे लागले. प्रवेशांची मोजणी सोडून त्यांनी माणसांची मोजणी केली. निघालेलं चित्र असं : १२० पैकी ६० खाटांवर वर्षभर तीच ६० माणसं होती. उरलेल्या ६० खाटांवर रोज दोघं येत होते आणि सरासरी ३० दिवसांत आपल्या वाटेने जात होते. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं घरात बिनसलेलं, कोणी इस्पितळातून सुटल्यावर जायला जागा नाही म्हणून आलेलं. महिनाभर डोक्यावर छप्पर आणि दोन-चार फोन एवढ्यावर त्यांचं भागत होतं. सरासरी ६० दिवस राहणारा माणूस निवाऱ्यात एकही नव्हता.

हे ह्या एका निवाऱ्याचं वैशिष्ट्य नाही. रँडल कून आणि डेनिस कलहेन यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ह्या शहरांच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासून १९९८मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे ८० टक्के लोक एकदा येऊन थोड्या दिवसांत बाहेर पडणारे. सुमारे १० टक्के ये-जा करणारे. आणि दीर्घकाळ मुक्काम करणारे जेमतेम १० टक्के, पण एकूण खाट-रात्रींपैकी जवळजवळ निम्म्या त्यांच्याच नावावर. तात्पुरत्या सोयीसाठी उभारलेला निवारा प्रत्यक्षात थोड्या लोकांचं कायमचं, महागडं आणि वाईट घर बनलेला असतो.

आता त्या ४० खाटांकडे पाहा. नव्या खाटा थोड्या दिवसांच्या मुक्कामाला मिळाल्या तर रोज आणखी एकाहून जास्त माणसं आत घेता येतील, म्हणजे दार उघडं राहील. हिशोब कागदावर बरोबर आहे. पण संस्थेने काही वर्षांपूर्वीच खाटा १०० वरून १२० केल्या होत्या. तेव्हा परत पाठवावं लागणाऱ्यांची संख्या आठ महिने घटली आणि मग होती तिथे आली, कारण वाढीव खाटांवरही हळूहळू न हलणारी माणसं साचली. बैठकीत वित्तप्रमुखांना जी शंका नीट मांडता आली नव्हती ती ही.

दुसरी वाट जुनी आणि तपासलेली आहे. १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर’ ह्या तत्त्वावर काम सुरू केलं. व्यसन सोडा, उपचार घ्या, लायक ठरा आणि मग घर मिळवा, ही पायऱ्यांची पद्धत त्यांनी उलटी केली. आधी स्वतःच्या कुलपाचं घर द्यायचं, भाडेकरूने उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं द्यायचं, आणि सोबतीला कार्यकर्त्यांचा चमू. ‘आधी घर’चा अर्थ ‘फक्त घर’ असा घेऊन कार्यकर्ते वगळले की ही पद्धत कोसळते, आणि पैसे वाचवण्यासाठी नेमकं तेच करायचा मोह होतो. कॅनडात २००९ ते २०१३ ह्या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक लोकांवर ह्याची चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशा पद्धतीने चाचणी झाली. घर टिकण्याच्या बाबतीत निकाल स्पष्टपणे ‘आधी घर’च्या बाजूने लागला.

ह्याच चाचणीतली एक गोष्ट हिशोबनिसाने दोनदा वाचावी अशी आहे. इस्पितळं, पोलीस, तुरुंग आणि निवारे मिळून ज्यांच्यावर सर्वांत जास्त खर्च होत होता, त्या दहा टक्क्यांच्या बाबतीत वाचलेला खर्च घर देण्याच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. बाकीच्यांच्या बाबतीत खर्चाचा काही भागच वसूल झाला. आणि त्या दहा टक्क्यांच्या बाबतीत जो खर्च वाचला त्यात इस्पितळांसारख्या बाहेरच्या यंत्रणांचा वाटा मोठा. निवारा चालवणाऱ्या संस्थेच्या वहीत त्यातलं थोडंच जमा होतं. ‘घर देणं स्वस्त पडतं’ हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेतं. स्वस्त कोणाला पडतं, हा प्रश्न वित्तप्रमुखांनी तिथेच विचारला.

चौदा आणि चौदा

कोणत्याही चलनात अडकायला नको म्हणून त्यांनी एका कार्यकर्त्याचा वर्षाचा खर्च हे माप धरलं. ४० खाटांचा नवा मजला चालवायचा तर दोन जागा अहोरात्र, म्हणजे दहा पगार, दहा मापं. जेवण, धुलाई, वीज, दुरुस्ती मिळून आणखी चार. एकूण चौदा मापं, दरवर्षी. पहिलं वर्ष देणगीदाराचं, पुढची सगळी वर्षं संस्थेच्या अबंधित निधीतून.

त्याऐवजी जुन्या साठांपैकी तिसांना घरं दिली तर? दहा माणसांमागे एक असे तीन कार्यकर्ते, अडीनडीचे फोन आणि रजा सांभाळायला चौथा. चार मापं. एका लहान घराचं वर्षाचं भाडं मापाच्या एक तृतीयांश धरलं तर तीस घरांची दहा मापं. एकूण चौदा.

दोन्हीकडे चौदा आलं तेव्हा त्यांना हसू आलं. ‘घर देणं स्वस्त’ हे निदान ह्या संस्थेच्या वहीत खरं नव्हतं, आणि भाडं मापाच्या निम्म्यावर गेलं तर तोच आकडा एकोणीस होत होता. फरक पडत होता तो त्या चौदा मापांत काय मिळतं ह्याचा. घरांच्या वाटेने तिसांना घर मिळत होतं, त्यांच्या ३० खाटा मोकळ्या होत होत्या, आणि ९० खाटा भागिले ३० दिवस म्हणजे रोज तीन प्रवेश. दाराशी येणारे तिघंही आत.

अडचण पैशाच्या जातीची होती. देणगी बांधकामासाठी बंधित, आणि भाडं हा चालू खर्च. एकदाच मिळालेल्या पैशातून दरमहा भाडी भरायला लागलं की तीन-चार वर्षांत तीस माणसं पुन्हा रस्त्यावर. इथे त्यांना फिनलंडचा दाखला उपयोगी पडला. तिथली ‘वाय-सॅटिओ’ ही संस्था १९८५पासून साध्या वस्त्यांतल्या इमारतींमध्ये सुटी घरं विकत घेऊन ती बेघरांना भाड्याने देत आली आहे. २००८मध्ये तिथल्या सरकारने ‘आधी घर’ हे राष्ट्रीय धोरण केलं आणि निवाऱ्यांच्या इमारती घरांमध्ये बदलायला सुरुवात झाली. दशकभराहून अधिक काळ तिथे बेघरांची संख्या घटत राहिली. २०२४मध्ये ती पुन्हा वाढली, हेही वित्तप्रमुखांनी विश्वस्तांसमोरच्या कागदात लिहिलं. अध्यक्षांनी ती ओळ गाळायला सुचवलं होतं.

भांडवली पैशाने भांडवली वस्तू घ्यायची, म्हणजे मजल्याऐवजी घरं. चौकशी केल्यावर त्या रकमेत पंधरा लहान घरं बसत होती. चाळीस खाटांच्या पैशात पंधरा घरं. पण वर्षाचा खर्च दोन कार्यकर्ते आणि देखभाल मिळून तीन मापं, चौदा नाही.

देणगीदाराकडे

विश्वस्तांत दोन तट पडले. विरोधातला सगळ्यांत खरा मुद्दा अध्यक्षांचा होता : “खाट दाखवता येते. घर दाखवता येत नाही, तिथे माणूस राहतो.” देणगीदाराच्या वार्षिक सोहळ्यात चाळीस खाटांच्या रांगेचं छायाचित्र येतं. पंधरा बंद दारांचं काय छायाचित्र घेणार? एका विश्वस्तांनी न्यायाचा मुद्दा काढला. काल आलेल्या, धडपडणाऱ्या माणसाला खाट, आणि चार वर्षं बसून असलेल्याला घर? हा प्रश्न रास्त आहे, आणि गणिताने तो सुटत नाही. वित्तप्रमुखांचं उत्तर असं होतं की काल आलेला माणूस महिनाभरात स्वतः बाहेर पडतोय, त्याला फक्त आत यायला जागा हवी आहे. सगळ्यांना ते पटलं नाही. ठराव एका मताने मंजूर झाला.

देणगीदाराच्या भेटीत त्यांनी साठ माणसांचं चित्र मांडलं, स्वतःची ९० दिवसांची चूकही सांगितली. देणगीदाराच्या प्रतिनिधीने विचारलेला पहिला प्रश्न मात्र प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीचा होता. पंधरा माणसांमागे दोन कार्यकर्ते हे ‘प्रशासन’ दिसतं, चाळीस खाटा हे ‘काम’ दिसतं. देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या तीन प्रमुख संस्थांनी, म्हणजे गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. पत्राला इतकी वर्षं झाली, प्रश्न अजून तोच पहिला येतो. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर देणगीदाराने घरांना होकार दिला. पहिल्या वर्षाच्या चालू खर्चाची रक्कम घटवून तीन मापांवर आणली आणि ती दोन वर्षांसाठी कबूल केली. दुसरं वर्ष वित्तप्रमुखांनी मागितलं होतं. चौदा मापं देऊ करणाऱ्याला सहा मापं कमीच वाटली असणार.

वर्षानंतर

पंधरा जणांची निवड कोणी करायची, ह्यावर कर्मचाऱ्यांत बरीच धुसफूस झाली. शेवटी सर्वांत जास्त काळ राहिलेले पंधरा, असा रुक्ष नियम लावला, म्हणजे आवडनिवड नको. खुर्च्या मांडणारे गृहस्थ त्यात होते. पहिले दोन महिने ते रोज सकाळी निवाऱ्यात येऊन खुर्च्या मांडून परत जायचे. मग आठवड्यातून एकदा येऊ लागले.

वर्षअखेरीस पंधरापैकी बारा आपापल्या घरात होते. एक परत निवाऱ्यात आला. एक कुठे गेला ते कळलं नाही. एकाचा घरातच मृत्यू झाला, आणि तो दोन दिवसांनी कळला. दोन कार्यकर्त्यांपैकी एक रजेवर होता आणि दुसऱ्याच्या भेटीचा वार नव्हता. अडीनडीला लागणारा जादा माणूस खर्चात कपात करताना गळला होता, हे वित्तप्रमुखांनी कागदावर लिहिलं. रिकाम्या झालेल्या तिन्ही घरांत पुढची माणसं वर्षअखेरीच्या मोजणीनंतर गेली.

निवाऱ्याचा वापर अजूनही ९८ टक्केच होता. वरवर पाहणाऱ्याला काही बदललंय असं वाटणार नाही. पण ६० ऐवजी ७५ खाटा फिरत्या झाल्याने रोज अडीच प्रवेश होऊ लागले. परत पाठवावं लागणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. मग इस्पितळं आणि इतर संस्था ‘तिथे जागा मिळते’ म्हणून जास्त माणसं पाठवू लागल्या आणि ती पुन्हा थोडी चढली. अशी दडलेली गरज वर येते, तेव्हा काम बिघडलंय असा समज व्हायला वेळ लागत नाही. मासिक अहवालात आता ‘प्रवेश’ ह्या रकान्याच्या शेजारी ‘पूर्वी येऊन गेलेले’ असा रकाना आहे. तो पर्यवेक्षकांच्या वहीवरून भरला जातो.

वर्षभर आणि त्याहून जास्त काळ राहिलेल्यांची संख्या साठातून पंधरा वजा जाता पंचेचाळीस व्हायला हवी होती. मोजली तेव्हा एकावन्न भरली. वर्षभरात आणखी सहाजण न हलणाऱ्यांत जमा झाले होते, आणि फिरत्या खाटा ७५ वरून ६९ वर आल्या होत्या. ह्या सहाही जणांचा मुक्काम चाळिसाव्या दिवसाच्या आसपास अडकला होता. कोणाची कागदपत्रं अडली, कोणाचा उपचार मध्येच तुटला, एकाची नोकरी लागून आठवड्यात सुटली. त्या टप्प्यावर त्यांच्यासोबत फिरणारा एक माणूस असता तर, असा अंदाज पर्यवेक्षकांचा आहे. तो तपासून पाहायला एक पगार लागेल, तोही अबंधित निधीतून, आणि तेरा आठवड्यांच्या तक्त्यात तो अजून बसलेला नाही. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीच्या कागदावर वित्तप्रमुखांनी पहिल्या ओळीत फक्त ‘६’ हा आकडा लिहून ठेवला आहे. त्यांच्या पदनामापुढे ‘प्रभारी, ऑपरेशन्स’ हे शब्द चौथ्या वर्षीही तसेच आहेत.